विम्याचं कमिशन कुणाच्या खात्यात?

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीचं रोजचं काम एक मॅनेजमेंट एजन्सी बघते. यंदाच्या ताळेबंदात इमारतीच्या विम्याचा आकडा चांगलाच फुगलेला दिसला. मॅनेजर म्हणाला, "सर, प्रीमियम सगळीकडेच वाढलेत." पॉलिसीची प्रत मात्र आज देतो, उद्या देतो यातच अडकली.

मग सेक्रेटरींकडे लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे कमिटीच्या सभांचं इतिवृत्त सभासदाला सोसायटीच्या कार्यालयात फुकट बघता येतं. त्यात विम्याचं एकच कोटेशन मंजूर केलेलं निघालं. सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या उपनिबंधक कार्यालयाचा विषय काढल्यावर पॉलिसीही हाती आली.

पॉलिसीत सगळे प्रीमियम बघतात. मी मध्यस्थाच्या, म्हणजे विमा मिळवून देऊन प्रीमियमवर कमिशन घेणाऱ्याच्या, नावाचा आणि कोडचा रकाना बघितला. तिथे आमच्याच एजन्सीच्या मालकांची दुसरी फर्म! म्हणजे दरमहा आम्ही यांना पैसे मोजतो ते किफायतशीर विमा शोधायला, आणि विमा जितका महाग तितकी यांची कमाई जास्त. विमा रक्कम तर फ्लॅटच्या बाजारभावावर धरलेली. बाजारभावात जमिनीचीही किंमत येते, आणि जमीन काही आगीत जळत नाही. धरायचा असतो तो इमारत पुन्हा बांधण्याचा खर्च. तो कमी धरूनही चालत नाही, कारण मोठं नुकसान झालं की भरपाई अपुरी पडते. म्हणून आर्किटेक्टकडून अंदाज लिहून घेतला.

सर्वसाधारण सभा तापली. "कमिशन सोसायटीच्या खात्यात वळवा," असं एका काकांचं म्हणणं, टाळ्याही पडल्या. पण विमा अधिनियम, १९३८ चं कलम ४१ कमिशनातून ग्राहकाला सूट द्यायला मनाई करतं, दंड १० लाखांपर्यंत. एजंटनं कमिशन घेणं कायदेशीरच आहे. माझं भांडण लपवाछपवीशी होतं. ठराव झाला: वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन कोटेशनं, त्यातलं एक थेट विमा कंपनीचं, आणि सोसायटीच्या कामातून एजन्सीला दुसरीकडून जे काही मिळतं ते लेखी जाहीर करायचं.

एजन्सीचं पत्र आलं. विम्याखाली आणखी दोन ओळी होत्या, लिफ्टची देखभाल आणि सीसीटीव्ही. त्यांची कोटेशनं मागवली आहेत.