एएमव्ही करायचाय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. "ताई, मला एएमव्ही करायचाय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" असं ठाण्यात आमच्या सोसायटीतली मुलं विचारतात, ऐरोलीला ऑफिसात नव्याने लागलेली पोरं विचारतात, आणि हल्ली काही मुलांच्या आयाही विचारायला लागल्या आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एएमव्ही म्हणजे अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ. जपानी अ‍ॅनिमे मालिकेतली दृश्यं कापायची आणि आपल्या आवडीच्या गाण्यावर नव्याने रचायची. १९८२ मध्ये जिम कापोस्टास या अमेरिकी तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून 'स्टार ब्लेझर्स' या अ‍ॅनिमे मालिकेतली मारधाडीची दृश्यं बीटल्सच्या एका प्रेमगीतावर बसवली. तोच पहिला एएमव्ही मानला जातो. त्याच्याकडे सॉफ्टवेअर नावाची वस्तूच नव्हती, त्यामुळे मीही उत्तराची सुरुवात तिथून करत नाही. आधी गाणं ठरवा.

असं गाणं घ्या, जे शंभरदा ऐकलं तरी नकोसं होणार नाही, कारण एडिट करताना तेवढं ते ऐकावंच लागतं. ठाणे-वाशी लोकलचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा. चार मिनिटांचं गाणं तेवढ्यात सहा-सात वेळा ऐकून होतं. मोबाइलवर दुसरं काही न बघता नुसतं ऐका. आवाज कुठे येतो, गायिका श्वास कुठे घेते, ड्रम्स कुठे अचानक थांबतात, कोरसच्या आधी कुठला आवाज हळूहळू चढत जातो, हे लक्षात राहू द्या. मी लहानपणी नौपाड्यात तबला शिकले. सरांनी आधी कित्येक दिवस नुसती टाळी-खाली धरून ठेका म्हणायला लावला होता. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे अंगात मुरलं की मधल्या मात्रांशी खेळता येतं, हे तेव्हा कळलं आणि आज टाइमलाइनसमोर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप एकापुढे एक मांडतात त्या पट्टीसमोर, बसल्यावर तेच कामाला येतं. रॉक किंवा पॉप गाणं बहुतेक वेळा चार-चारच्या ठोक्यांत चालतं, आणि चार किंवा आठ आवर्तनांनी त्यात काहीतरी बदलतं. तो बदल तुमची सम. मोठा कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणं, तिथे ठेवा.

आमच्याकडे गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत ताशा वाजवणारा एक मुलगा आहे. त्याचा पहिला एएमव्ही मी पाहिला. ठोका एकही चुकला नव्हता, पण प्रत्येक ठोक्यावर कट होता. वीस सेकंदांत डोळे थकले आणि कोरस आला तेव्हा वाढवायला काही उरलंच नाही. त्याला मी एवढंच म्हटलं, "अर्धे कट काढ आणि शॉटच्या आतलं हलणं बघ." या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. ती इतक्या कमी जण सांगतात की इथे जरा सविस्तर लिहिते.

शॉट बदलला की ताल दिसतो, तसा तो शॉटच्या आत घडणाऱ्या गोष्टीतूनही दिसतो. दार आपटतं, पापणी मिटते, तलवार म्यानातून निघते, केस वाऱ्याने उडून पुन्हा खांद्यावर पडतात. ही कृती ठोक्यावर आणली तर कट न करताही प्रेक्षकाला ताल जाणवतो. एएमव्ही करणारे याला इंटर्नल सिंक म्हणतात. त्यासाठी फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, मोजायला शिका. अ‍ॅनिमे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने बनतं, नेमकं सांगायचं तर फाइलमध्ये बहुधा २३.९७६. गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके असेल तर दर १२ फ्रेमला ठोका पडतो, ९० असेल तर दर १६ ला. पण चित्र काही प्रत्येक फ्रेमला बदलत नाही. पुष्कळदा एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम तसंच राहतं, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. म्हणून एकेक फ्रेम पुढे सरकवत नवं चित्र कधी येतं ते बघायचं आणि तीच फ्रेम ठोक्यावर आणायची. मी कट ठोक्याच्या एखादी फ्रेम आधी ठेवते, मला तो तसा जास्त नेमका वाटतो. तुम्ही दोन्ही करून बघा.

मालिका एकच घ्या, आणि ती पूर्ण पाहिलेली असू द्या. दहा मालिकांचे चमकदार शॉट गोळा केले की चित्रं देखणी दिसतात, पण मन कुठेच लागत नाही. पूर्ण पाहिलेल्या मालिकेत ती मुलगी खिडकीतून वळून कधी बघते, तो मित्र छत्री कुठे विसरतो, हे तुम्हाला आठवतं, आणि गाण्यातली ओळ ऐकताच तो शॉट आपोआप समोर येतो. मात्र शब्दाला शब्द जोडू नका. गाण्यात 'पाऊस' आला की पावसाचा शॉट, 'डोळे' आला की डोळे, हे दोन वेळा चालतं. तिसऱ्यांदा पुढचा शॉट प्रेक्षक आधीच ओळखतो.

आता सॉफ्टवेअर. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर आहे. लॅपटॉप जुना आणि रॅम ८ जीबी असेल तर तो रिझॉल्व्हवर धापा टाकेल, मग केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या. दोन्ही मोफत आहेत. रिझॉल्व्हमध्ये क्लिप टाकण्याआधीच प्रोजेक्टचा फ्रेम रेट २३.९७६ करून ठेवा, कारण नंतर तो बदलू देत नाही.

"टाइमलाइन अडकते, लॅपटॉप खराब आहे का?" असंही विचारतात. बहुधा लॅपटॉप ठीकच असतो. एच.२६४ या नेहमीच्या पद्धतीने दाबून लहान केलेल्या व्हिडिओ फाइलमध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच असतं. तुम्ही मधल्या फ्रेमवर उडी मारलीत की कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण चित्रापासून सगळं पुन्हा जुळवत यावं लागतं. यावर प्रॉक्सी बनवून घ्या, म्हणजे एडिटपुरती हलकी प्रत. एक्सपोर्ट, म्हणजे शेवटचा तयार व्हिडिओ, मूळ फाइलवरूनच होतो.

शॉट निवडताना दोन गोष्टी टाळा: चित्रात छापली गेलेली सबटायटल्स आणि गाण्याशी न जुळणारे हलणारे ओठ. ओठांसाठी त्याच संवादातला ऐकणाऱ्याचा शॉट घ्या. तो गप्प असतो आणि बहुतेक वेळा भावही त्याच्याच चेहऱ्यावर जास्त असतात. शेक, फ्लॅश, झगमग ट्रान्झिशन हे पहिल्या एएमव्हीत अजिबात नको. साधा कट आणि क्वचित एखादा क्रॉसफेड (एक शॉट विरत असताना दुसरा उमटतो तो), एवढ्यात तीस-चाळीस सेकंद जमवा. आख्खं गाणं पहिल्याच वेळी घेणारे बहुतेक जण दुसऱ्या अंतऱ्यात सोडून देतात, असं मी पाहिलंय.

आयांचा प्रश्न वेगळा असतो: यात पैसे मिळतात का, आणि कायद्याचं काय? एएमव्हीतून पैसे मिळतील असं धरू नका. गाणं एकाचं, चित्रं दुसऱ्याची. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला आणि समीक्षेला सवलत आहे, पण जगासमोर ठेवलेला एएमव्ही त्यात बसतोच असं समजून चालू नये. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं ओळखते, आणि मग मालक व्हिडिओ बंद करू शकतो किंवा त्यावरच्या जाहिरातींचे पैसे स्वतःकडे घेऊ शकतो. तेव्हा एक्सपोर्ट केलेली फाइल आणि प्रोजेक्ट दोन्ही स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. व्हिडिओखाली गाणं, गायक, मालिका आणि ती बनवणारा स्टुडिओ यांची नावं लिहा. त्याने कायदेशीर परवानगी मिळत नाही, तरीही लिहा, कारण ते त्यांचं देणं आहे.