लिहिण्याचा हंगाम

शुक्रवार, रात्री उशिरा

पाऊस लागला की माझ्या हातून लिहून होतं. उन्हाळ्यात वही उघडवतसुद्धा नाही. इतकी वर्षं हे असंच चालत आल्यामुळे त्याला मी प्रकृतीच्या खात्यात टाकून दिलं होतं: कफ, पित्त आणि लेखन. आज जरा इतरांचे हंगाम वाचत बसले.

इंग्रज कवी मिल्टनची कविता शरदसंपातापासून वसंतसंपातापर्यंतच, म्हणजे सप्टेंबर ते मार्च, नीट वाहायची, असं त्याच्या भाच्याने नोंदवून ठेवलंय. समीक्षक डॉ. जॉन्सनने पुढे या समजुतीची यथेच्छ टर उडवली. रशियन कवी पुश्किनचंही तसंच. वसंत त्याला सोसायचा नाही, शरद मानवायचा. १८३० च्या शरदात बोल्दिनोच्या जमीनदारीवर त्याने सुमारे तीन महिन्यांत जे लिहिलं, ते एखाद्याला आयुष्यभर पुरलं असतं. पण तो तिथे राहिला तो पानगळ बघायला नव्हे. लग्न ठरलं होतं, जमिनीची कागदपत्रं करायला गेला आणि कॉलऱ्याच्या नाकेबंदीत अडकला. रस्ते बंद, त्यामुळे माणूस जागेवर, त्यामुळे लेखणी हातात. यात ऋतूचं श्रेय किती आणि नाकेबंदीचं किती?

एका जागी बसवण्याचं हे काम धर्मांनी फार आधीपासून केलंय. बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाची (पावसाळ्यातल्या मुक्कामाची) विनयपिटकातली, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथातली कथा मला फार आवडते. भर पावसात भिक्षू हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव मारतात, अशी लोकांची तक्रार होती. पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरटं करून राहतात, मग यांना काय झालं? त्यावर बुद्धांनी तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा नियम घातला. म्हणजे नियमामागे तत्त्वज्ञान नंतर, आधी लोकांची कुरकुर. ज्यांच्या भिक्षेवर संघ चालायचा त्यांचं ऐकणं भागच होतं. (वाचकांच्या पत्रांचा इतका परिणाम कुठल्याही संपादकावर झालेला माझ्या तरी ऐकिवात नाही.) पुढे मुक्कामाला विहार आले, आणि विहारांत पाठांतर, चर्चा, अभ्यास. पावसाळ्याने ग्रंथ लिहवून घेतले असं मी म्हणणार नाही, पण माणसं जागेवर राहिली हे खरं.

युरोपात जर्मन धर्मसुधारक ल्यूथरपाशी आले आणि इथे मात्र ऋतू पार बाजाराच्या हातात गेलेला दिसला. १५२१-२२ च्या हिवाळ्यात तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून होता. तिथे त्याने सुमारे अकरा आठवड्यांत बायबलच्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. हा झाला त्याचा हंगाम. पण पुस्तक बाहेर आलं सप्टेंबर १५२२ मध्ये, कारण लाइपझिगची शरदातली जत्रा गाठायची होती. जत्रेत पुस्तकविक्रेते जमणार, जुने हिशेब मिटणार, नवे गठ्ठे उचलले जाणार. ती चुकली तर पुढच्या जत्रेपर्यंत माल आणि भांडवल दोन्ही पडून. भांडवल घालणाऱ्यांत चित्रकार क्रानाख होता. सुमारे तीन हजार प्रती काही महिन्यांत संपल्या आणि डिसेंबरात सुधारित आवृत्ती निघाली. त्याच महिन्यात बाझेलच्या एका मुद्रकाने आपली स्वतंत्र आवृत्ती काढून टाकली, ल्यूथरला न विचारता. ल्यूथर आपल्या पुस्तकांचं मानधन घेत नसे. त्यामुळे धर्मसुधारणेच्या या सगळ्या उलाढालीत पैसा फिरला तो मुद्रक, भांडवलदार आणि नक्कल करणाऱ्यांत.

गंमत म्हणजे पैसे घेऊन पापांच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या ज्या पापमुक्तीच्या पत्रांवर ल्यूथर १५१७ मध्ये तुटून पडला, ती छापखान्याची पहिल्या दिवसांपासूनची भाकरी होती. १४५४ सालची छापील पत्रं आजही उपलब्ध आहेत. एका बाजूला छापलेला कागद, नाव-तारखेपुरती मोकळी जागा, गिऱ्हाईक चर्च, आणि सगळी रास एकदम उचलली जाणार. बायबलचं तसं नाही: वर्षानुवर्षं कागद आणि मजुरी ओतत राहायची आणि मग गिऱ्हाईक शोधायचं. युरोपातला आद्य मुद्रक गुटेनबर्ग याचं बायबल पुरं होत आलं तेव्हाच, १४५५ मध्ये, फुस्ट या सावकाराने वसुलीसाठी त्याला कोर्टात खेचलं. मोठं पुस्तक नाव करतं, चिटोरं घर चालवतं. आजच्या कुठल्याही प्रकाशनगृहाचा हिशेब उघडला तर आत हेच दिसेल.

आता लेखकांना जत्रेची वाट पाहावी लागत नाही. जाहिरातीची पाहावी लागते. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत इंटरनेटवरच्या जाहिरातींचे दर चढतात आणि जानेवारीत धाडकन खाली येतात, कारण कंपन्यांची वर्षाची तरतूद आणि सणांची खरेदी दोन्ही डिसेंबरात संपतात. व्हिडिओ करणारे, लिहिणारे त्या बेताने कामाला लागतात आणि जानेवारीत “सध्या काही सुचत नाही” म्हणतात. सुचत नाही हे खरंच असेल. पण कुणाचंच एकाच महिन्यात सुचत नाही म्हटल्यावर मला तरी शंका येते.

इंग्रज कादंबरीकार डिकन्सचा हिशेब मात्र मी दोनदा वाचला. १८४३ च्या शरदात पैशाची ओढाताण असताना त्याने सुमारे सहा आठवड्यांत ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही नाताळची गोष्ट लिहिली. छपाईचा खर्च स्वतः उचलला, रंगीत चित्रं, सोनेरी कडा, आणि तरी किंमत पाच शिलिंग. १९ डिसेंबरला पुस्तक आलं, नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. हजार पौंडांची आशा होती, पहिल्या आवृत्तीतून सुटले दोनशे तीस. नक्कल छापणाऱ्यांवर खटला भरला, जिंकला, तर त्यांनी दिवाळं काढलं आणि सुमारे सातशे पौंडांचा कोर्टखर्च याच्याच अंगावर आला.

तरी पुढची तीन वर्षं नाताळला नवी गोष्ट दिली. १८४७ मध्ये जमलं नाही, तेव्हा त्याने मित्राला पत्रात कळवलं की पैसे हुकताहेत याचं वाईट वाटतं, आणि लोकांच्या नाताळात आपली जागा रिकामी राहील याचं त्याहून जास्त. मला ही दोन्ही वाक्यं खरी वाटतात, आणि पैशाचं वाक्य पहिलं आलं म्हणून तर जास्तच. १८४८ ला पुन्हा लिहिलं. मग १८५० मध्ये त्याने स्वतःचं साप्ताहिक काढलं, त्याचे नाताळ विशेषांक सुरू केले आणि इतर लेखकांना गोष्टी मागू लागला. मुदतीवर धावणारा माणूस आता मुदती देत होता. १८६७ नंतर विशेषांक बंद केले. त्याला त्यांचा कंटाळा आला होता.