ताबा नसतो म्हणून होतं का हे?

"हिला खाण्यावर साधा ताबा ठेवता येत नाही का?" अनावर खाणाऱ्या, म्हणजे एका बैठकीत खूप खाणाऱ्या आणि थांबू न शकणाऱ्या मुलींचे पालक सोलापुरात हे विचारतात, तेही मुलीच्या समोर. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

ताबाच नसता तर या मुली सगळीकडे उतावळ्या दिसल्या असत्या. व्हाइटसाइड आणि लायनम या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये उतावळेपणाच्या वेगवेगळ्या तऱ्हा मांडल्या. विचार न करता वागणं वेगळं, हातातलं काम अर्धवट टाकणं वेगळं आणि मन बिघडलेलं असताना तिरीमिरीत काहीतरी करून बसणं वेगळं. अनावर खाण्याशी जास्त जुळते ती ही शेवटची तऱ्हा. म्हणून वेळापत्रक लावून अभ्यास करणारी मुलगीही रात्री डबे रिकामे करते.

असा एक दिवस बघा. श्रावणी सोमवार, सिद्धेश्वराचा उपवास. पण उपवास निमित्ताला. लग्नाच्या फोटोत दंड जाड दिसले, हे खरं कारण. सकाळी नुसता चहा. दुपारी एक केळं, खिचडी नको. चारला डोकं ठणकतं. संध्याकाळी घरात शब्दाला शब्द लागतो. रात्री सगळे झोपले की ती स्वयंपाकघरात. कडक भाकरी मोडताना आवाज होतो, म्हणून ओढणीत धरून मोडायची. उभ्यानेच, शेंगा चटणीबरोबर. पहिल्या तुकड्याला उपवास मोडला, आणि मोडलाच आहे तर आता काय! दुसरी भाकरी, बरणीतली चटणी चमच्याने, फरसाण, गूळ. चव कळत नाही, पोट तडतडतं, हात थांबत नाही. मग लाज, आणि 'उद्या काहीच खायचं नाही' हा निश्चय. पुढची रात्र तिथेच ठरते.

अन्सेल कीझ या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात ३६ निरोगी, मनाने खंबीर तरुण निवडून त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. दिवसभर डोक्यात अन्नच. पुन्हा खायला मिळाल्यावर काहींना थांबताच येईना. त्यांनाही ताबा नव्हता म्हणायचं?

मात्र काहींचं अनावर खाणं आधी सुरू होतं आणि डाएट नंतर. तिथे उपाशीपणाचं कारण पुरत नाही. मी ते ओढूनताणून बसवणार नाही.

उपचारात तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त खंड नाही. रात्री कितीही खाल्लं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. घरचे नेमके इथेच अडवतात. वहीत वेळ, जागा, काय खाल्लं आणि त्याआधी काय घडलं हे लगेच लिहायचं. कॅलरी नाहीत. वजन आठवड्यातून एकदाच. आणि बरण्यांना कुलूप लावू नका, त्याने चोरून खाणं वाढतं.

आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने हे अनावर खाणं चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मुलगी उलट्या करत असेल तर तीन महिने थांबू नका. वजन नेहमीसारखं असलं तरी रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पोटॅशियमची तपासणी आधी करून घ्या.