शेवटच्या पानावरचे चौकोन

घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात सरकारी पैसा बाईच्या हातात रोख पडत नाही. तो समुपदेशकाच्या पगारात, निवाऱ्यातल्या जेवणात, वकिलाच्या फीमध्ये असतो. ‘सरकारकडून किती मिळतील?’ असं कुणी विचारलं की मी हेच सांगते आणि लगेच अहवाल लिहायला घेते.

हा घरगुती घटना अहवाल, म्हणजे नमुना एक. संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली नेमलेले अधिकारी, तो भरतात; नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्थाही भरू शकते. ‘नवरा नेहमी मारतो’ एवढ्यावर भागत नाही. कधी, कुठे, कशानं मारलं, समोर कोण होतं, सगळं हवं. तारीख आठवत नसेल तर ‘गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी’ असं मी लिहून घेते. आर्थिक छळाचा भाग हमखास राहतो. पगार काढून घेतला, डाग गहाण टाकले, किराणा बंद केला, हे त्यातच येतं आणि पुढे पोटगी मागताना उपयोगी पडतं.

शेवटी कोणती मदत हवी याचे चौकोन असतात: समुपदेशन, पोलीस, निवारा, वैद्यकीय उपचार, कायदेशीर मदत. मारहाणीचं सगळं लिहून होईपर्यंत बाई आणि लिहिणारी दोघीही थकलेल्या असतात, आणि हे चौकोन कोरे राहतात. मग निवाऱ्याचं पत्र निघत नाही, वकील नेमला जात नाही. सही करण्याआधी ते पान मोठ्यानं वाचून घ्या.

मात्र अहवाल झालेला नाही म्हणून सरकारी दवाखाना किंवा निवारागृह मदत नाकारू शकत नाही. नियमांतच तसं आहे. रात्री बाहेर पडावं लागलं तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.

सखी केंद्र म्हणजे हिंसाचारग्रस्त बाईला एकाच ठिकाणी तातडीची मदत देणारं केंद्र; त्याचा खर्च केंद्र सरकार करतं. तिथं साधारण पाच दिवस राहता येतं. पुढची सोय शक्ती सदनात, म्हणजे जास्त दिवस राहता येणाऱ्या निवारागृहात. तिथं केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. या दोन्हींच्या मध्येच गाडं अडतं. पाचव्या दिवशी कागद हलवायला लागलो तर सहाव्या दिवशी बाई परत त्याच दारात उभी असते. म्हणून दुसऱ्या दिवशीच शक्ती सदनाला फोन करून जागा आहे का आणि सोबतच्या मुलग्याचं वय चालेल का, हे विचारून घेते.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समिती. 1987 च्या कायद्यानुसार बाईला उत्पन्नाची अट नाही. तरी खिडकीवर दाखला मागतात आणि तहसीलच्या फेऱ्यांत आठवडा जातो. ‘कलम 12 प्रमाणे महिला म्हणून’ असं अर्जातच लिहावं.

न्यायालयातला अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं घरगुती हिंसाचाराचा कायदा म्हणतो. प्रत्यक्षात फार लांबतं. म्हणून मूळ अर्जासोबतच याच कायद्याच्या कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागावा. त्याला नमुना तीनमधलं शपथपत्र लागतं. पोटगीसाठी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात ते बंधनकारक केलं. आदेशाची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी.

पोटगी नवऱ्यानं द्यायची असते, सरकारनं नाही. संयुक्त खात्याचा नंबर दिला तर ती रक्कम तोच काढून घेतो. अर्ज करण्याआधी तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघडावं आणि पासबुक तिच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवावं.