चौकातले चित्रण कोणाच्या ताब्यात?

दोन वर्षांपूर्वी एका चौकात मोटारीने माझ्या सायकलला मागून धडक दिली आणि ती न थांबता निघून गेली. कोपर आणि गुडघा खरचटण्यापलीकडे मला फारसे लागले नाही, परंतु सायकलचे मागचे चाक पार वाकले. चौकात चारही दिशांना तोंड करून कॅमेरे बसवलेले असल्यामुळे गाडीचा नंबर सहज मिळेल, अशी माझी समजूत होती. नवव्या दिवशी रीतसर अर्ज घेऊन मी संबंधित कार्यालयात गेलो, तेव्हा चित्रण सातच दिवस राहते आणि नंतर त्यावर पुढचे चित्रण चढते, असे मला सांगण्यात आले. ही मुदत कोणी ठरवली आणि त्या सात दिवसांत हे चित्रण कोणकोण पाहू शकते, असे मी विचारले. समोरच्या गृहस्थांनी सौजन्याने सांगितले की, ते सगळे कंत्राटदाराकडे असते.

नंबर मिळाला नाही याचे दुःख काही दिवसांत ओसरले, पण त्या उत्तराने मला आजवर स्वस्थ बसू दिलेले नाही. रस्ता सार्वजनिक, खांब सार्वजनिक, खर्च सार्वजनिक पैशातून आणि टिपले जाणारे चेहरेही तिथून जाणाऱ्या नागरिकांचे. असे असताना त्या चित्रणाबद्दल उत्तर देण्यास बांधलेला माणूस मात्र त्या कार्यालयात मला सापडला नाही.

स्थानिक प्रशासनाने चालवलेल्या कॅमेऱ्यांचा दीर्घ आणि नीट नोंदवलेला अनुभव ब्रिटनकडे आहे, म्हणून मी तिकडचे वाचू लागलो. तेथील बोर्नमथ या समुद्रकाठच्या शहराच्या परिषदेने १९८५ मध्ये सार्वजनिक जागेत कॅमेरे बसवले. १९९४ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना अशी यंत्रणा उभारण्याचा स्पष्ट अधिकार दिला आणि सरकारी पैशाचा ओघही सुरू झाला. १९९६ ते १९९८ या काळात ब्रिटिश गृहखात्याने गुन्हे रोखण्यासाठी जो खर्च केला, त्यापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक पैसा एकट्या सीसीटीव्हीवर गेला. कॅमेरे गुन्हे रोखतात का, याची कसून तपासणी होण्यापूर्वीच हे सारे घडले.

त्या काळातील एक प्रकरण मी पुनःपुन्हा वाचतो. २० ऑगस्ट १९९५ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास इंग्लंडमधील ब्रेंटवुड या गावाच्या मुख्य रस्त्यावरून एक माणूस एकटाच, हातात स्वयंपाकघरातील सुरी घेऊन चालला होता. तो तीव्र नैराश्यात होता आणि त्याने तिथेच आत्महत्येचा प्रयत्न केला. परिषदेच्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला पडद्यावर हातात सुरी घेतलेला माणूस दिसला, त्याने तत्काळ पोलिसांना कळवले, पोलीस आले, त्यांनी सुरी काढून घेतली, त्याला वैद्यकीय मदत मिळवून दिली आणि कोणताही गुन्हा न नोंदवता घरी पोहोचवले. कॅमेरा असावा की नसावा या वादात कॅमेऱ्याच्या बाजूने याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. एका जागरूक कर्मचाऱ्यामुळे वेळेवर मदत पोहोचली, हे विसरून चालणार नाही.

पुढे जे झाले तेही त्याच चित्रणातून झाले. आपली यंत्रणा कशी उपयोगी पडते हे लोकांना दाखवण्यासाठी परिषदेने ऑक्टोबरमध्ये त्या चित्रणातील छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि मग चित्रणही दूरचित्रवाणीला दिले. आत्महत्येच्या प्रयत्नाचा त्यात उल्लेख नव्हता. दिसत होता तो केवळ हातात सुरी घेतलेला, धोकादायक वाटणारा माणूस. वृत्तपत्रांत त्याचा चेहरा उघडा छापला गेला आणि दूरचित्रवाणीवर तो इतका अर्धवट झाकला गेला की ओळखीच्या लोकांनी त्याला ओळखले. इंग्लंडच्या उच्च न्यायालयात त्याला दाद मिळाली नाही, कारण परिषदेने आपल्या अधिकाराबाहेर काही केले नव्हते, असे तेथे ठरले. अखेर २८ जानेवारी २००३ रोजी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला.

त्या निकालातील युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. माणूस सार्वजनिक रस्त्यावर होता, हे न्यायालयाने मान्यच केले. परंतु रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या वाटसरूच्या नजरेस पडणे ही एक गोष्ट आणि तोच क्षण साठवून असंख्य लोकांपुढे मांडणे ही अगदी वेगळी गोष्ट, असा भेद न्यायालयाने केला. परिषदेला त्याचा शोध घेऊन संमती मागता आली असती, स्वतः चेहरा झाकता आला असता, किंवा माध्यमे तो नीट झाकतील याची पुरेशी काळजी घेता आली असती. यातले काहीच धडपणे झाले नाही. ‘ज्याने काही केले नाही त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे प्रकरण सांगतो, कारण त्या माणसावर कोणताही आरोप नव्हता.

कॅमेऱ्यांनी गुन्हे किती घटतात, याचे उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. चाळीस वर्षांतील अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झाले. सर्वांत ठळक घट वाहनतळांवर दिसली, हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. आणि जिथे कॅमेऱ्यांवर माणसे प्रत्यक्ष लक्ष ठेवून होती तिथे उपयोग अधिक झाला. नुसता खांब उभारून भागत नाही, एवढे तरी यावरून कळते. मात्र लक्ष ठेवणारी माणसे म्हटली की दुसरा प्रश्न येतो. क्लाइव्ह नॉरिस आणि गॅरी आर्मस्ट्राँग या संशोधकांनी १९९० च्या दशकात ब्रिटनमधील तीन नियंत्रण कक्षांत सुमारे सहाशे तास बसून निरीक्षण केले. तरुण, पुरुष आणि कृष्णवर्णीय लोकांवर कॅमेरा वाजवीपेक्षा अधिक रोखला जात होता आणि त्यामागे वर्तनापेक्षा दिसण्यावरून बांधलेले अंदाज अधिक होते, असे त्यांना आढळले.

बर्मिंगहॅममध्ये तर संपूर्ण वस्त्याच निवडल्या गेल्या. २०१० मध्ये तेथील मुख्यतः मुस्लिम वस्तीच्या दोन भागांत दोनशेहून अधिक कॅमेरे बसवण्यात आले आणि त्यांतील काही छुपे होते. रहिवाशांना हा सर्वसाधारण गुन्हे रोखण्याचा उपाय असल्याचे सांगितले गेले, पण पैसा दहशतवादविरोधी निधीतून आला होता. हे उघड झाल्यावर स्थानिकांनी केलेल्या विरोधामुळे एकाही कॅमेऱ्याचा वापर न होता २०११ मध्ये ते सर्व उतरवावे लागले. उद्देश लपवला की शेजारच्या चौकातल्या साध्या कॅमेऱ्यावरचाही विश्वास उडतो.

अधिकार एकदा हाती आला की तो किती क्षुल्लक कामासाठी वापरला जातो, हे पूल या शहराच्या परिषदेने २००८ मध्ये दाखवले. ते प्रकरण चौकातल्या कॅमेऱ्याचे नव्हते, परंतु पाळतीचेच होते. एक कुटुंब खरोखर शाळेच्या प्रवेशक्षेत्रात राहते का, हे पाहण्यासाठी परिषदेच्या माणसांनी जवळजवळ तीन आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१० मध्ये न्यायाधिकरणाने ते बेकायदा ठरवले. त्यानंतर २०१२ च्या कायद्याने परिषदांना छुप्या पाळतीसाठी दंडाधिकाऱ्याची मंजुरी सक्तीची केली आणि २०१३ मध्ये सार्वजनिक कॅमेऱ्यांसाठी बारा तत्त्वांची संहिता आली. उद्देश लिहून ठेवणे, गरजेपेक्षा अधिक काळ चित्रण न ठेवणे, कोण पाहू शकतो हे ठरवणे, कॅमेऱ्याची गरज वेळोवेळी तपासणे, अशी ती साधी तत्त्वे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने २०१९ मध्ये याच्याही पुढे जाऊन नगर प्रशासनाच्या विभागांना चेहरे ओळखणारी यंत्रणा वापरण्यास मनाई केली आणि पाळतीचे कोणतेही नवे साधन घेण्यापूर्वी लोकप्रतिनिधींची मंजुरी बंधनकारक केली. मला हाच मार्ग योग्य वाटतो, कारण निविदेच्या कागदांत दडलेला निर्णय त्यामुळे चर्चेच्या पटलावर येतो.

माझा अपघात झाला त्या चौकात खांबाला अजूनही एक निळा पत्रा लटकतो. त्यावर कॅमेऱ्याचे चित्र आहे आणि ‘आपण निगराणीखाली आहात’ एवढेच शब्द आहेत. गेल्या महिन्यात मी पुन्हा अर्ज दिला, तो या पत्र्याबद्दल आहे. यंत्रणा चालवणाऱ्या विभागाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक, कॅमेरा बसवण्याचे कारण आणि चित्रण किती दिवस ठेवले जाते ती मुदत, अशा तीन ओळी त्या चित्राखाली लिहाव्यात, अशी मी मागणी केली आहे. दर सोमवारी मी त्या अर्जाची चौकशी करायला जातो.