वहीत चित्रं कमी, गाठी जास्त

मागच्या नोंदीनंतर मागावर मोठं असं काही चढलं नाही, पण नमुन्यांचा ढीग बराच वाढलाय. बहुतेक सगळे तळहातापेक्षा थोडे मोठे. सध्या प्रदर्शनं पाहणं आणि कॅटलॉग चाळणं जोरात चालू आहे, आणि त्यासाठी मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय. एखादं काम आवडलं तर त्याचे रंग उचलायचे नाहीत, आकारही नाही. करणाऱ्याने धाग्याशी नेमकं काय केलं ती एक कृती शोधायची आणि तेवढीच करून पाहायची. अभ्यासक्रमात ‘प्रेरणाफलक’ नावाचं एक प्रकरण असतं, त्यावर छान छान फोटो डकवायचे असतात. माझा फलक सुंदर झाला होता. त्यातून विणलं मात्र काहीच गेलं नाही.

सुरुवात विणकर-कलाकार ॲनी आल्बर्सपासून. १९२२ मध्ये ती बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत दाखल झाली. विणकाम ही तिची पहिली निवड नव्हती, तरी तिकडेच जावं लागलं. पदविकेसाठी तिने एका सभागृहाचं कापड केलं: एका बाजूला प्रकाश परतवणारा सेलोफेन, दुसऱ्या बाजूला आवाज शोषून घेणारा सुती शेनील, म्हणजे मखमलीसारखा लवदार धागा. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तिचं एकल प्रदर्शन झालं, वस्त्रकलाकाराला तिथे असा मान पहिल्यांदाच मिळत होता. मला तिच्याकडून हवा होता तो लेनो, विणीचा एक प्रकार. शेजारचे दोन ताणे (उभे धागे) एकमेकांवरून ओलांडायचे आणि त्या फुलीतून बाणा (आडवा धागा) न्यायचा. पुढची ओळ साधी विणली की फुली जागेवर पक्की बसते. कापड जाळीसारखं मोकळं राहतं, तरी धागे सरकत नाहीत. साध्या विणीत सेंटीमीटरला ४ ताणे इतकं विरळ घेतलं, तर गुळगुळीत लिननचा बाणा बोटाने ढकलला तरी हलतो. लेनोत तोच बाणा हलत नाही.

मागाऐवजी साध्या चौकटीवर, म्हणजे फ्रेमवर, करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. प्रत्येक फुलीत ताण्याची थोडी लांबी खर्च होते आणि फ्रेमचा ताणा तर दोन्हीकडे बांधलेला. त्यामुळे वर सरकत जाऊ तसा ताण इतका चढतो की शेवटी बोटांनी फुली उचलताच येत नाही. म्हणून ताणा बांधतानाच वरच्या पट्टीवर धाग्यांखाली विणकामाच्या दोन जाड सुया आडव्या घालून ठेवते. ताण वाढला की एक सुई ओढून काढायची, आणखी वाढला की दुसरी. लेनोच्या ओळी सलग घेऊ नयेत, असंही माझं मत बनलंय. मध्ये दाट साध्या विणीचा पट्टा आला की जाळी खऱ्या अर्थाने दिसते. सगळीच जाळी केली तर ते पडद्याचं कापड वाटतं.

आल्बर्सकडे हे आलं कुठून, ते पाहिल्यावर माझ्या नियमाला जरा बळ मिळालं. १९६५ मध्ये विणकामावर लिहिलेलं पुस्तक तिने प्राचीन पेरूच्या विणकरांना, आपले थोर गुरू म्हणून, अर्पण केलंय. धाग्यात काम करणाऱ्या अमेरिकन कलाकार शीला हिक्सनेही येल विद्यापीठात प्रबंध लिहिला तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज भागातल्या, इंकांच्या आधीच्या वस्त्रांवरच. दोघींची कामं शेजारी ठेवली तर नात्यातलीही वाटत नाहीत. दोघींनी घेतली ती रचना, दिसणं ज्याचं त्याचं राहिलं.

हिक्सचे ‘मिनिम’ म्हणजे हातात धरता येणाऱ्या छोट्या चौकटीवर विणलेले तुकडे. छताला टेकणारे रंगीत ढीग करणारी हीच बाई अनेक दशकं हे चिमुकले तुकडेही विणत राहिली. तिच्यावरून मी चारही कडा पक्क्या असलेला तुकडा करायला घेतला. ताण्याचे फास सरळ खिळ्यांत न अडकवता दोन्ही टोकांना ताणलेल्या बारीक दोरीवर घ्यायचे. विणून झालं की दोरी काढून टाकायची. कापायला काही उरत नाही, झालरही नाही. शेवटचे दोन सेंटीमीटर सुईने, एकेक धागा उचलत भरावे लागतात आणि तिथली वीण उरलेल्या कापडापेक्षा वेगळी दिसते. मी ती जुळवायच्या मागे लागले नाही. हात कुठे थांबला ते तिथे कळतं.

मृणालिनी मुखर्जींबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यांच्या कामापुढे मी अजून नुसती उभीच आहे. बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकलेल्या या शिल्पकर्तीने रंगवलेला जाड दोर गाठी मारमारून माणसाहून उंच रूपं उभी केली. ‘यक्षी’ १९८४ चं, ‘वनश्री’ १९९४ चं. आधी रेखाटन नाही. गाठीमागून गाठ, आणि त्यातून आकार. मी मारलेल्या गाठींचा नमुना कडक आणि लहान आहे. बसवला तर स्वतःच्या पायावर बसतो, सध्या एवढंच.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो मुंबईच्या विणकर-कलाकार मोनिका कोरिया यांच्या कृतीने. त्या विणता विणता मधेच मागाची फणी काढून टाकतात. फणी ताण्यांना अंतरावर धरते आणि बाणा ठोकते. ती गेली की ताणे मोकळे होतात, वळतात, एकमेकांकडे झुकतात. माझ्या छोट्या मागावर फणीचं काम रिजिड हेडल नावाची पट्टी करते आणि तिच्यात ताणे भोकांतूनच जातात, त्यामुळे ते मधेच काढायचं म्हणजे ताणा सोडावा लागतो. त्यावर तोडगा म्हणून जाड पुठ्ठ्याला वरून खाचा पाडून उघडी फणी केली, आणि धागे उचलायला दोऱ्याचे फास बांधले. हवी तेव्हा फणी खाली ओढायची, ताणे मोकळे. त्यानंतर बाणा काट्याने थोडा थोडा बसवायचा. जिथे जाड लोकर ठासून भरली तिथे ताणे फाकतात. बारीक धागा घेऊन किंचित ओढला तिथे जवळ येतात. म्हणजे आता ताण्याची वाट बाणा ठरवतो. बाणा लोकरीचा असला तर ताण्याला घट्ट धरून आपल्याबरोबर नेतो, सुती बाणा निसटून जातो.

जाता जाता प्रदर्शनांबद्दल. कापडावरचा प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात, रंग उडू नयेत म्हणून. आत शिरल्या शिरल्या सगळं मळकट दिसतं, तेव्हा घाईने पुढे सरकू नका. डोळे सरावले की एका काळ्यात तीन काळे दिसू लागतात. मी आधी बाजूने बघते, मग कड, मग ते टांगलंय कसं, आणि साहित्याची पाटी सगळ्यात शेवटी. वहीत पूर्ण चित्र काढत नाही, दोन सेंटीमीटरचा चौकोन घेऊन त्यातले धागे कसे जातात तेवढंच काढते. चौकटीत काच लावून ठेवलेलं विणकाम मला आवडत नाही. पोलिश कलाकार माग्दालेना अबाकानोविचने सिसलच्या (घायपातीसारख्या झाडाच्या तंतूंच्या) प्रचंड विणलेल्या कलाकृती, तिचे ‘अबाकान’, छतापासून टांगले, म्हणून त्यांच्याभोवती फिरता येतं. काच मात्र आपल्याला समोरच उभं करते.

पुढचा तुकडा ताण्यावर चढवून ठेवलाय. फणी काढल्यावर भरकटलेले ताणे हवे तिथे थांबवायचे कसे, हा प्रश्न होता, आणि उत्तर पहिल्याच नमुन्यात होतं: लेनोची एक ओळ. फुली धाग्यांना फणीशिवायही धरते. तेव्हा काही अंतर मोकळं सोडायचं, मग एक ओळ ओलांडून बांधायचं, पुन्हा सोडायचं. एकच अडचण दिसतेय. मोकळ्या भागात ताण सगळीकडे सारखा राहत नाही आणि ढिल्या धाग्याशी ताठ धाग्याची फुली नीट बसत नाही. सुया काढायची युक्ती सगळ्या ताण्याला एकदमच सैल करते, एकेका धाग्याला नाही. ढिल्या धाग्यांना मागून छोटी वजनं लटकवून पाहणार आहे. कुणी असं केलं असेल तर वजन किती घेतलंत ते नक्की सांगा.