मुलं गाडीत असताना झालेला अपघात: माझा अनुभव

बाजूच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीने आमच्या डाव्या अंगाला धडक दिली. आमची गाडी गर्रकन फिरली आणि कडेला जाऊन थांबली. स्टिअरिंगवर मी होते, शेजारी नवरा, मागे सात वर्षांची मुलगी बूस्टरवर (बेल्ट नीट बसावा म्हणून मुलांना उंच करणारी बैठक) आणि अडीच वर्षांचा मुलगा त्याच्या लहान मुलांच्या कार सीटमध्ये. चौघांचेही बेल्ट लावलेले होते.

एअरबॅग उघडल्या की गाडीत पांढरी पूड उडते आणि जळकट वास येतो. आग लागली असं वाटून जीव घाबरा होतो. बहुतेक वेळा ती एअरबॅगचीच पूड असते, पण खात्री करून घ्यावीच लागते. मी इंजिन बंद केलं, चारही इंडिकेटर लावले. नवरा उतरून बॉनेट आणि गाडीखाली बघून आला. धूर नव्हता, काही गळत नव्हतं.

मुलगी जोरजोरात रडत होती आणि मुलगा गप्प होता. मी आधी मुलाकडे वळले. जे मूल रडतंय ते श्वास घेतंय, शुद्धीवर आहे, एवढं तरी कळतं. गप्प मुलाचं काहीच कळत नाही. त्याला नावाने हाक मारली, छाती वरखाली होतेय का बघितलं, तळहातावर बोट ठेवलं. त्याने बोट पकडलं, माझ्याकडे बघितलं आणि मग भोकाड पसरलं. त्या रडण्याने माझ्या जिवात जीव आला.

पहिली ऊर्मी त्याला उचलून छातीशी धरायची होती. तसं केलं नाही. मानेला किंवा पाठीला मार असेल तर घाईने बाहेर काढण्यात धोका असतो. आग, गळती किंवा मागून वाहन येऊन आदळण्याची भीती असती तर अर्थातच लगेच काढलं असतं. तसं काही नव्हतं, म्हणून त्याला सीटमध्येच राहू दिलं आणि मी शेजारी बसून बोलत राहिले. दोघांच्या अंगावर काचेचे बारीक तुकडे होते, केसांत, कॉलरमध्ये, बेल्टच्या घडीत. ते हाताने झटकले नाहीत, दोघांना फक्त डोळे चोळू दिले नाहीत.

समोरच्या गाडीचे गृहस्थ भले होते. नुकसान भरून देतो, इथेच मिटवू म्हणाले. नवऱ्याने शांतपणे नकार दिला. मुलांना डॉक्टरांनी तपासलेलंच नसताना कशाचा हिशेब मिटवायचा? पोलिसांना कळवलं, नंबर आणि विम्याचे तपशील घेतले, गाड्या हलवण्याआधी फोटो काढले. मुलांच्या सीट बसवलेल्या अवस्थेत कशा होत्या, त्याचेही काढले. पुढे तेच उपयोगी पडले. मग नवरा तिथे थांबला आणि मी मुलांबरोबर अॅम्ब्युलन्समध्ये बसले. दोन मोठी माणसं असतील तर ही वाटणी लगेच करावी.

दवाखान्यात सगळ्यात आधी मुलांचं वजन विचारलं, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो. धडक कुठल्या बाजूने बसली, वेग साधारण किती होता, कोण कुठे बसलं होतं, मूल बेशुद्ध झालं होतं का, उलटी झाली का, हे सगळं विचारलं. तपासणी होईपर्यंत काही खायला-प्यायला देऊ नका असं सांगितलं. मुलगी एव्हाना सावरली होती, 'मला काही नाही झालं' म्हणत होती. तिचा फ्रॉक वर केला तर पोटावर बेल्टचा आडवा लालसर वळ. डॉक्टरांचा चेहरा लगेच गंभीर झाला. पोटावर असा वळ असेल तर आतल्या अवयवांना इजा असू शकते, आणि मुलांचं शरीर रक्तस्राव बराच वेळ झाकून ठेवतं, नाडी जलद होते पण रक्तदाब उशिरा उतरतो. तिची सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि तिला रात्रभर तिथेच ठेवलं. सुदैवाने आत काही नव्हतं. ती बरी दिसतेय म्हणून आम्ही घरी गेलो असतो तर तो वळ आंघोळीच्या वेळीच दिसला असता. मुलं स्वतःहून सांगत नाहीत. म्हणून कपडे काढून बघावंच लागतं.

मुलाच्या कपाळावर टेंगूळ होतं. सीटी स्कॅन करा असा मीच आग्रह धरला. डॉक्टरांनी समजावलं की स्कॅनमधून लहान मुलाला किरणोत्सर्ग होतो, म्हणून गरज असेल तरच करतात. ४२,००० हून अधिक मुलांचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. कुठल्या मुलाला स्कॅनची गरज नाही, हे ठरवायचे निकष त्यातून आले. आमच्या मुलाला काही तास नजरेखाली ठेवलं आणि मग सोडलं. झोपू द्या, पण उठवल्यावर नेहमीसारखा उठतो ना ते बघा, असं सांगितलं. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, न उठणारी झोप, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर ताबडतोब परत या, हे कागदावर लिहून दिलं. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला.

कार सीट वरून धडधाकट दिसत होती. अमेरिकेतील रस्ते सुरक्षा संस्थेचा नियम वाचला: मध्यम किंवा मोठ्या अपघातानंतर सीट बदलायची. गाडी चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत आहे, कोणालाही इजा नाही, एअरबॅग उघडल्या नाहीत आणि सीटवर नुकसान दिसत नाही, हे सगळं एकदम खरं असेल तरच अपघात किरकोळ. आमचा अपघात त्यात बसत नव्हता. क्लेममध्ये कार सीट आणि बूस्टर दोन्ही लिहिलं. जुन्या सीटचे पट्टे कापून, वर मोठ्या अक्षरात 'अपघातग्रस्त' लिहूनच ती टाकली, नाहीतर कोणीतरी उचलून दुसऱ्या मुलाला त्यात बसवलं असतं.

नंतरचं अवघड होतं. मुलगा खेळण्यातल्या गाड्या पुन्हा पुन्हा आदळायचा. मुलगी अंथरूण ओलं करायला लागली, गाडीत बसायचं म्हटलं की पोट दुखायचं. एका रात्री तिने विचारलं, "आई, मी मोठ्याने गाणं म्हणत होते म्हणून झालं का गं?" किती दिवस हे ओझं मनात घेऊन फिरत होती पोरगी! 'नाही बाळा, त्या काकांना आपली गाडी दिसली नाही म्हणून झालं,' असं सरळ शब्दांत सांगितलं, आणि ती विचारेल तेव्हा तेव्हा सांगत राहिलो. मुलाला खेळू दिलं, थांबवलं नाही. प्रवास पुन्हा सुरू केला तो कॉलनीतल्या चकरांपासून. असं वागणं महिन्याहून जास्त टिकलं तर समुपदेशकाकडे न्या, असं बालरोगतज्ज्ञ म्हणाले होते. मुलाचं तोवर ओसरलं. मुलीला आम्ही नेलं आणि तिला त्याचा फायदा झाला.

विमा कंपनीचे फोन येतच होते, लवकर सही करा म्हणून. गाडीचा हिशेब आम्ही आधी पूर्ण केला. मुलीच्या इजेचा भाग मात्र तिची शेवटची तपासणी आणि समुपदेशन संपेपर्यंत उघडा ठेवायला लावला आणि तसं लेखी घेतलं.